वालुकाश्मातील गारेची शीर

वालुकाश्म म्हणजे दगड झालेली वाळू. नदीने, समुद्राने किंवा वाऱ्याने आणून टाकलेली वाळू थरावर थर साचत खाली गाडली जाते, वरच्या भाराने दाबली जाते, आणि कणांमधल्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार तिथेच साठून एक कण दुसऱ्याला जोडतात. भूशास्त्रात ‘वाळू’ हा शब्द आकारासाठी वापरला जातो, पदार्थासाठी नव्हे. चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने 1922 मध्ये मांडलेल्या मोजपट्टीनुसार 0.0625 मिलिमीटर ते 2 मिलिमीटर एवढा कण तो वाळूचा. त्याहून बारीक ती गाळमाती, त्याहून मोठे ते खडे. त्यामुळे शिंपल्यांच्या चुऱ्याचीही वाळू असते आणि काळ्या दगडाच्या चुऱ्याचीही. तरीही जगातल्या बहुतेक वालुकाश्मांत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण सर्वांत जास्त असतात. ऊन, पाऊस आणि प्रवाह यांच्या माऱ्यात इतर खनिजे कुजून चिकणमाती होतात. गार कुजत नाही आणि सहज झिजतही नाही, म्हणून शेवटी तीच उरते.

अशा दगडाला पुढे कधी तडा जातो. तड्यातून खनिजयुक्त पाणी वाहते आणि पाण्यातली सिलिका भिंतींवर साठत साठत तो तडा बुजवते. काळपट, तांबूस किंवा पिवळट दगडातून आरपार गेलेली पांढरी रेघ दिसते ती हीच. तिला शीर म्हणतात. दगड आणि शीर यांचे खनिज पुष्कळदा एकच असते, पण जन्म वेगळे असतात. दगड वाळूतून आला, शीर पाण्यातून आली, आणि या दोन घटनांमध्ये कोट्यवधी वर्षांचे अंतर असू शकते. त्यामुळे असा नमुना हाती आला की दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात: हा दगड खरोखर वालुकाश्म आहे का, आणि ही रेघ खरोखर गारेची आहे का. दोन्हींची उत्तरे एकाच नजरेत देऊ पाहणारा बहुधा फसतो.

कल्याणजवळच्या मोहने, आंबिवली, शहाड या पट्ट्यात तर ही फसगत पहिल्याच पायरीवर होते. उन्हाळ्यात उल्हास नदीचे पाणी उतरले की मोहन्याच्या बंधाऱ्याच्या परिसरात गोटे उघडे पडतात. त्यांतल्या कित्येकांवर पांढऱ्या रेघा असतात, काहींचा पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो, काहींचा रंग पिवळट तपकिरी असतो. पाहणाऱ्याला ते वालुकाश्म वाटतात, पण ते वालुकाश्म नसतात. उल्हास बोरघाटाच्या परिसरातल्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करत कल्याणकडे येते. तिचे सारे पाणलोट क्षेत्र दख्खनच्या काळ्या दगडाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून हा प्रदेश घडला. आजही हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. नदी तिच्या पाणलोटात जे आहे तेच वाहून आणते. उल्हासच्या पाणलोटात वालुकाश्माचा डोंगर नाही, म्हणून तिच्या पात्रातला नैसर्गिक गोटा वालुकाश्माचा असू शकत नाही. दगड ओळखताना तो कुठे सापडला हा पुरावा रंगापेक्षा आणि आकारापेक्षा वजनदार ठरतो, तो याच कारणाने.

मग तो खरखरीतपणा कुठून येतो? बेसॉल्ट कुजतो तेव्हा कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. लोह गंजून काळा रंग तपकिरी होतो, खनिजे सैल पडतात आणि बोटाने चोळले तर रवाळ चुरा पडतो. हाच मुरूम. मुरमाच्या चुऱ्यातले दाणे भिंगाखाली धरले तर ते गोलसर आणि काचेसारखे दिसत नाहीत. ते मातकट, अपारदर्शक असतात आणि दोन बोटांत चुरडतात. गारेचा कण असा कधीच चुरडत नाही. शिवाय कुजलेला गोटा फोडला की आत काळा, घट्ट, बारीक पोताचा गाभा निघतो. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 मधले, म्हणजे इसवी सन 1060 चे. मोहन्यापासून फार लांब नसलेल्या या मंदिराचा दगड याच घराण्यातला आहे. बारकाईने कोरलेले त्याचे शिल्पकाम साडेनऊशे पावसाळ्यांत जिथे झिजले आहे, तिथेही दगड मुळात काळा आहे हे लपत नाही.

मोहन्यात वालुकाश्म दिसतो तो माणसाने आणलेला. घरांच्या आणि बंगल्यांच्या दर्शनी भिंतींवर लावलेला फिकट पिवळा किंवा लाल धोलपुरी दगड, अंगणात आणि पायऱ्यांवर घातलेली लाल मंडाणा फरशी हे विंध्य खडकसमूहातले वालुकाश्म आहेत आणि राजस्थानातून येतात. मात्र शहाबादी फरशी आणि कोटा फरशी यांनाही सर्रास वालुकाश्म म्हटले जाते, ते चूक आहे. त्या दोन्ही चुनखडकाच्या आहेत. त्यांवर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात. धोलपुरीवर टाकला तर थेंब तसाच बसून राहतो किंवा दगडात मुरतो. एका थेंबाने मिटणारा हा वाद आहे.

वालुकाश्म ओळखण्याची खरी जागा म्हणजे ताजा फुटलेला पृष्ठभाग. बाहेरची साल गंज, शेवाळ, धूळ यांनी झाकलेली असते आणि तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. ताज्या पृष्ठभागावर दहापट मोठे दाखवणारे भिंग धरले की वाळूचे कण सुटे सुटे ओळखू येतात. ते गोल आहेत की कोनेदार, सगळे एका मापाचे आहेत की लहानमोठे मिसळलेले, हेही दिसते. बारीक वालुकाश्माचा पोत रव्यासारखा, जाडसराचा खडीसाखरेच्या भुग्यासारखा. बोटाने घासले की सैल जोडणीच्या दगडाचे कण सुटून हाताला लागतात. पाण्याचा थेंब टाकला तर सच्छिद्र वालुकाश्म तो पिऊन टाकतो, तर घट्ट बेसॉल्टवर थेंब गोल बसतो. दगडात समांतर पट्टे किंवा एकमेकांना तिरपे छेदणारे पट्टे असतील तर ते साचण्याच्या वेळच्या प्रवाहाची खूण असतात.

वजनाचाही उपयोग होतो. तराजूवर दगडाचे वजन करावे, मग दोऱ्याला बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा करावे. पहिल्या वजनाला दोन्ही वजनांमधल्या फरकाने भागले की घनता मिळते. घट्ट बेसॉल्टची घनता साधारण 2.8 ते 3 येते, वालुकाश्माची 2 ते 2.6 च्या आसपास. शाळेच्या प्रयोगशाळेत हे दहा मिनिटांत होते आणि मुलांना आयुष्यभर लक्षात राहते.

जोडणाऱ्या पदार्थाकडेही लक्ष हवे. कणांना जोडणारा पदार्थ सिलिका असेल तर दगड अत्यंत कठीण होतो, चुना असेल तर आम्लात फसफसतो, लोहाचा गंज असेल तर लाल किंवा तपकिरी दिसतो आणि नुसती चिकणमाती असेल तर ओला केल्यावर मातीचा वास देतो. कोकण किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ‘करल’ नावाचा खडक असतो. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने जोडला जाऊन तो काही हजार वर्षांपूर्वी तयार झाला. भूशास्त्राच्या मापाने तो कालचाच आहे. तोही वालुकाश्माचाच एक प्रकार आहे आणि ठाणे-मुंबईच्या माणसाला सर्वांत जवळचा आहे. मात्र तो कधी खोल गाडला गेला नाही, तापला नाही, दाबला गेला नाही. त्याच्यात गारेच्या शिरा नसतात.

आता रेघेकडे वळू. गारेची कठीणता मोहस यांच्या मापावर 7 आहे. पोलादी चाकूची साधारण साडेपाच, खिडकीच्या काचेचीही तितकीच. म्हणून गार काचेवर ओरखडा पाडते आणि चाकूला दाद देत नाही. ही कसोटी करताना दोन चुका हमखास होतात. चाकू फिरवल्यावर गारेवर चकचकीत करडी रेघ उमटते आणि पाहणारा तिला ओरखडा समजतो. ती रेघ चाकूच्या झिजलेल्या पोलादाची असते आणि ओल्या बोटाने पुसली की जाते. याउलट, सैल वालुकाश्मावर चाकू फिरवला तर खोल चर पडतो आणि दगड मऊ वाटतो, पण प्रत्यक्षात एकही कण कापलेला नसतो, कण फक्त जागचे सुटलेले असतात. चर पडल्यावर चाकूचे पाते पाहावे. ते बोथट झाले असेल तर कण गारेचेच आहेत.

गार फुटते तीही तिच्या पद्धतीने. बाटलीची काच फुटल्यावर जशी शिंपल्यासारखी वळणदार, काठाला धारदार कपची निघते तशी गारेची निघते. तिला ठरावीक पातळीत फुटण्याची सवय नाही. कॅल्साइटला मात्र ती आहे. हातोडीने ठोकले की त्याचे तिरके, सपाट बाजूंचे चौकोनी तुकडे पडतात. त्याची कठीणता अवघी 3, म्हणून चाकूने तो सहज खरडला जातो आणि आम्लात फसफसतो. आम्ल नसेल तर व्हिनेगर चालते, पण बुडबुडे मंद येतात, म्हणून आधी चाकूने थोडी पूड करून तिच्यावर थेंब टाकावा आणि भिंगातून पाहावे. एक सावधगिरी मात्र हवी: कण चुन्याने जोडलेले असतील तर वालुकाश्म स्वतःच फसफसतो. थेंब रेघेवरच पडला पाहिजे, शेजारी नव्हे.

रेघेत कुठे पोकळी राहिली असेल तर तिथे गारेचे स्फटिक टोकदार वाढलेले दिसतात: सहा बाजूंचा खांब, त्यावर निमुळते टोक, आणि खांबाच्या बाजूंवर आडव्या बारीक रेषा. निकोलस स्टेनो याने 1669 मध्ये दाखवून दिले की स्फटिक लहान असो वा मोठा, सरळ असो वा वेडावाकडा, त्याच्या सारख्या बाजूंमधले कोन बदलत नाहीत. स्फटिकशास्त्राची सुरुवात या निरीक्षणापासून मानली जाते आणि त्यासाठी त्याच्या हाती होते ते गारेचेच स्फटिक. मराठी मुलखातल्या मुलांना गारेची आणखी एक खूण पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर जोराने घासल्या की त्या क्षणभर आतून उजळतात आणि जळका वास येतो. घर्षणाने प्रकाश देण्याचा हा गुणधर्म खरा आहे आणि तो ओळखीसाठी वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

या कसोट्या मोहन्याच्या गोट्यांवर वापरल्या की चित्र स्पष्ट होते. काळ्या दगडातली पांढरी रेघ चाकूने खरडली गेली आणि फसफसली तर ती कॅल्साइटची. खरडली गेली पण फसफसली नाही, आणि मोत्यासारखी चमक असेल, तर ती बहुधा स्टिल्बाइट किंवा ह्यूलंडाइट अशा झिओलाइट गटातल्या खनिजाची. चाकूला दाद दिली नाही तर ती गारेची, किंवा मेणासारखी मंद चमक आणि बारीक पट्टे असतील तर अकीकाच्या जातीची. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या पोकळ्या आणि तडे नंतर झिरपणाऱ्या पाण्याने अशा खनिजांनी भरून काढले. कल्याणहून पुण्याकडे जाणारा बोरघाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये खुला झाला. त्याच्या खोदकामात निघालेले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत पोचले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात महाराष्ट्राचा हा खनिज ठेवा आज पाहता येतो. तेव्हा मोहन्यात गार नाही असे नव्हे. गार आहे, शीरही आहे, फक्त ती वालुकाश्मात नाही.

वालुकाश्म असल्याची खात्री झाली आणि पांढरा भाग गारेचा आहे हेही ठरले, तरी तो भाग शीरच आहे असे होत नाही. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबणे योग्य. वालुकाश्मात गोल गुळगुळीत पांढरे खडे अडकलेले असतात. ते कुठल्यातरी आणखी जुन्या खडकातल्या शिरेचे तुकडे असतात. ती शीर झिजली, तुकडे नदीने घासून गोल केले आणि वाळूबरोबर गाडले. खडा दगडाहून जुना असतो, शीर दगडाहून तरुण असते. काळाची दिशाच उलटी होते. त्याचप्रमाणे स्वच्छ पांढऱ्या वाळूचा एखादा थर लांबून शिरेसारखा दिसतो, पण भिंगाखाली त्यात कण दिसतात आणि तो इतर थरांना समांतर जातो. शिरेत वाळूचे कण दिसत नाहीत. तिथे एकमेकांत गुंतलेले स्फटिक असतात आणि ती थरांना छेदून जाते. थरांना समांतर शिराही असतात, हे खरे. तिथे काठाकडे पाहावे. शिरेचा काठ तीक्ष्ण असतो आणि कधी त्यात भिंतीपासून सुटलेले दगडाचे तुकडे तरंगताना दिसतात. लोहाच्या गंजाचे तपकिरी वळणदार पट्टे, प्राचीन किड्यांनी वाळूत केलेली आणि नंतर भरलेली उभी बिळे यांनाही नवशिके शिरा समजतात. गोट्याच्या बाबतीत एक सोपी तपासणी आहे. रेघ गोट्याभोवती फिरून परत जिथून निघाली तिथे येते का? येत असेल तर ती आतून आरपार गेलेली पातळी आहे. एकाच बाजूला संपत असेल तर तो नुसता डाग किंवा अडकलेला खडा असू शकतो.

शीर बनते कशी, हे समजायला पाण्यापासून सुरुवात करावी लागते. गार पाण्यात विरघळत नाही असे वाटते, पण अगदीच नाही असे नाही. 25 अंश सेल्सिअस तापमानाला लिटरभर पाण्यात ती जेमतेम 6 ते 10 मिलिग्रॅम विरघळते. तापमान आणि दाब वाढले की हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. खोलवरचे तप्त पाणी सिलिका घेऊन तड्यातून वर येते, थंड होते, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि न पेलणारी सिलिका ते वाटेतच सोडते.

यात लागणाऱ्या पाण्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक मीटर लांब, एक मीटर उंच आणि एक सेंटिमीटर जाड एवढी शीर घेतली तर तिचे आकारमान 10 लिटर आणि वजन साडेसव्वीस किलो. प्रत्येक लिटर पाण्याने 100 मिलिग्रॅम सिलिका मागे सोडली असे धरले, तरी 2,65,000 लिटर पाणी त्या तड्यातून वाहायला हवे. कल्याण-डोंबिवलीच्या वसाहतींत येणारा पाण्याचा मोठा टँकर 10,000 लिटरचा धरला, तर हे साडेसव्वीस टँकर होतात, आणि तेही एका चौरस मीटरपुरते. जाड शिरांच्या मागे केवढा प्रवाह असेल याची यावरून कल्पना येते.

मात्र प्रत्येक शिरेला बाहेरून एवढे पाणी यावे लागत नाही. वालुकाश्मात दुसरा मार्ग उपलब्ध असतो आणि तो अधिक सुंदर आहे. गाडलेल्या वाळूत एक कण दुसऱ्यावर जिथे टेकतो तिथे दाब एकवटतो आणि तेवढ्याच ठिकाणी गार विरघळते. विरघळलेली सिलिका कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरातून जवळच्या उघड्या तड्याकडे सरकते आणि तिथे पुन्हा स्फटिक होते. म्हणजे शेजारचा दगड थोडा थोडा देत राहतो आणि तडा भरत जातो. भिंतीतल्या वाळूच्या कणावरच नवी गार चढते आणि त्या कणाच्या अणुरचनेची दिशा जशीच्या तशी पुढे चालवते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली नमुना फिरवला की कण आणि शीर एकाच वेळी उजळतात आणि एकाच वेळी काळवंडतात. कण आणि शीर यांचे नाते इथे डोळ्यांना दिसते.

तडाही एकदाच उघडत नाही. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ जॉन रॅमसे यांनी 1980 मध्ये दाखवले की पुष्कळ शिरा तडकणे आणि सांधणे यांच्या वारंवारच्या फेऱ्यांतून वाढतात. पाण्याचा दाब वाढतो, केसाएवढा तडा जातो, दाब उतरतो, सिलिका साठते, तडा बुजतो, आणि पुन्हा तेच. प्रत्येक फेरीची खूण शिरेत सूक्ष्म बुडबुड्यांच्या समांतर ओळीने राहते. अशा शेकडो ओळी एका शिरेत मोजता येतात. शीर दुधाळ पांढरी दिसते त्याचेही कारण हे सूक्ष्म बुडबुडे. त्यांत अडकलेले पाणी प्रकाश सर्व दिशांना विखुरते. बुडबुडे नसतील तिथे तीच गार काचेसारखी नितळ असते.

या अडकलेल्या पाण्याकडे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी 1858 मध्ये शास्त्राचे लक्ष वेधले. बुडबुड्याच्या सूक्ष्म कुपीत द्रव असतो आणि त्यात वायूचा एक फुगा हलत असतो. कुपी बंद झाली तेव्हा ती गरम होती. थंड होताना द्रव आकसला आणि रिकाम्या जागेत वायू उरला. नमुना पुन्हा हळूहळू तापवला की ठरावीक तापमानाला तो फुगा नाहीसा होतो. शीर किमान किती तापमानाला बनली, याचे उत्तर त्यातून मिळते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पाणी अशा रीतीने आपले तापमान आजही सांगू शकते, ही भूशास्त्रातली अत्यंत विलक्षण गोष्ट आहे.

मोठ्या प्रमाणावर पाहिले तर शिरा जमिनीतल्या ताणाचा नकाशा असतात. तडा सर्वांत कमी दाबाच्या दिशेने उघडतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या उभ्या शिरा असतील तर तो प्रदेश उत्तर-दक्षिण ताणला गेला होता. एक शीर दुसरीला कापून गेली असेल तर कापणारी नंतरची. एखादी शीर मध्येच तुटून तिचे दोन तुकडे सरकलेले असतील तर ते सरकणे शिरेनंतरचे, आणि किती सरकले हेही तिथेच मोजता येते. काही ठिकाणी लहान लहान तिरक्या शिरा एकीमागे एक अशा रांगेने उभ्या दिसतात आणि मधल्या शिरांना वळण आलेले असते. खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून सरकू पाहत होते, याची ती खूण.

महाराष्ट्रात हे पाहायचे तर काळ्या दगडाच्या आच्छादनाबाहेर, म्हणजे राज्याच्या दोन टोकांना जावे लागते. दक्षिणेकडे सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या काही भागांत कलादगी खडकसमूह उघडा पडतो. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील कलादगी गावावरून त्याला हे नाव मिळाले. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा आपला विस्तृत अहवाल 1876 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केला आणि त्यात या खडकांचे वर्णन केले. हे खडक दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी जुने आहेत. त्यांचा खालचा गट शंभर कोटी वर्षांहून अधिक वयाचा आहे. ते नाइस या आणखी जुन्या रूपांतरित खडकावर बसलेले आहेत आणि त्यांच्यावर लाव्हा पसरलेला आहे. फोंडा घाटाच्या परिसरात घाटमाथ्याकडे काळा दगड आणि पायथ्याकडे वालुकाश्म असा हा क्रम भेटतो. कासार्डे आणि फोंडा भागात हाच दगड कुजून स्वच्छ पांढरी सिलिका वाळू झाली आहे. काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांना ती जाते. खडक झालेली वाळू तिथे पुन्हा वाळू झाली आहे.

कलादगी खडकांतले पुष्कळ थर नुसते वालुकाश्म राहिलेले नाहीत. सिलिकेने ते इतके घट्ट झाले आहेत की त्यांना क्वार्ट्झाइट म्हणावे लागते. फरक ओळखायला हातोडी पुरते. वालुकाश्म कणांच्या कडेकडेने फुटतो आणि फुटलेली बाजू खरखरीत राहते. क्वार्ट्झाइटमध्ये भेग कणांना कापून जाते आणि फुटलेली बाजू गुळगुळीत, काचेसारखी चमकते. घड्या पडलेल्या, ठिसूळ आणि कठीण क्वार्ट्झाइटमध्ये तडे भरपूर जातात, म्हणून गारेच्या शिरा शोधायची ती खरी जागा. याच खडकसमूहाच्या तळाशी खड्यांचा थर असतो आणि त्यात जुन्या नाइसमधल्या शिरांचे गोल झालेले गारेचे खडे सापडतात. शिरेचा खडा आणि खडकातली शीर यांतला फरक शिकायला याहून चांगली शाळा नाही. वरच्या, जवळजवळ आडव्या थरांच्या बदामी गटात चालुक्यांनी लेणी कोरली. बदामीचे तिसरे लेणे शके 500 मधले, म्हणजे इसवी सन 578 चे. अजिंठा-वेरूळ काळ्या दगडात, बदामी तांबड्या वालुकाश्मात. दोन्ही पाहिलेल्या मराठी माणसाने हे दोन खडक नकळत शेजारी ठेवून पाहिलेलेच असतात.

दुसरे टोक विदर्भात. नागपूरजवळच्या कामठी गावाचे नाव मिळालेला कामठी वालुकाश्म गोंडवन खडकसमूहातला, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी साचवलेला. लोहामुळे तो ठिकठिकाणी लाल-तपकिरी झाला आहे. नागपूर परिसरात बांधकामासाठी तो जुन्या काळापासून काढला जातो. नागपुरात राहून काम करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या खडकांतले जीवाश्म गोळा करून त्यांचे महत्त्व जगापुढे आणले. याच समूहातल्या खालच्या थरांत चंद्रपूरचा दगडी कोळसा आहे. कामठीचा दगड कलादगीइतका खोल गाडला गेला नाही आणि त्याच्यावर घड्या पडल्या नाहीत. त्यामुळे त्यात गारेच्या जाड शिरांची अपेक्षा ठेवू नये. शीर नसणे हीसुद्धा माहिती असते.

पांढरी शीर दिसली की सोन्याची आठवण निघतेच. ती निराधार नाही. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो येथे 1851 नंतर जी सोन्याची झुंबड उडाली, तिथले सोने घड्या पडलेल्या वालुकाश्म आणि पाटीच्या दगडांतल्या गारेच्या शिरांतच होते. पण बहुतांश शिरा वांझ असतात. पिवळी चमक दिसली तर सुईने टोचून पाहावे. सोन्यासारखा चमकणारा पायराइट असेल तर ठिसूळपणे फुटतो, सोने असेल तर दबते.

नमुना फोडताना डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मुखपट्टी असावी. गारेची कपची काचेसारखी उडते आणि तिची बारीक धूळ फुप्फुसात साठली तर निघत नाही. सिलिकोसिस हा रोग तिथूनच होतो आणि त्यावर बरे करणारा उपाय नाही. नमुना घेतल्यावर त्याच क्षणी त्यावर क्रमांक घालावा आणि वहीत गाव, जागा, तारीख, दगड जागचा होता की वाहून आलेला, शिरेची दिशा आणि जाडी लिहावी. शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत असे सुरेख दगड पडून असतात आणि ते कुठून आले हे कोणालाच सांगता येत नाही. अशा दगडाचे अर्धे मोल गेलेले असते. मोहन्याच्या शिक्षकांनी एवढे करावे: उल्हासच्या पात्रातला पांढऱ्या रेघेचा एक काळा गोटा आणि सिंधुदुर्गातून आणलेला शीर असलेला क्वार्ट्झाइटचा एक तुकडा, दोन्ही गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावून, वर्गात शेजारी शेजारी ठेवावेत, आणि चाकू, भिंग आणि आम्लाची बाटली स्वतःच्या देखरेखीखाली मुलांच्या हाती द्यावी.